बार्शी लाइटच्या लेआउटवर हळू हलणाऱ्या गोष्टी: गुऱ्हाळ, आकाशपाळणा, सिग्नल आणि फाटक

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

रूळ टाकून झाले, स्टेशन उभं राहिलं, बाभळी लावून झाल्या, आता हलणाऱ्या गोष्टींना हात घालतोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचं हे घरी केलेलं मॉडेल (लेआउट), आठ फूट बाय अडीच फूट, स्केल १:८७, रूळ ९ मिमी गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). बार्शी लाइटचा गेज ७६२ मिमी, त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात, त्यामुळे ९ मिमी अगदी चपखल बसतं आणि एन स्केलच्या (याहून लहान स्केल, त्याचे रूळ ९ मिमीचेच असतात) इंजिनांचे सांगाडे वापरता येतात. खरी लाइन कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ साली सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही या हिशेबाने आखलेली, पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. आता सगळी ब्रॉडगेज झालीय. माझं स्टेशन कुर्डुवाडी आणि पंढरपूरच्या मधलं, काल्पनिक, काळ सत्तरच्या दशकाचा, गावात जत्रा भरलीय आणि शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू आहे.

चार गोष्टी हलवायच्यात. बैलांचं गुऱ्हाळ, जत्रेतला आकाशपाळणा, स्टेशनचा हाताचा सिग्नल (खांबावर आडवा हात असलेला), आणि रस्त्याचं फाटक. सगळ्या हळू चालणाऱ्या. गाडी सोडून एकही गोष्ट जोरात हलता कामा नये, कारण छोट्या मॉडेलमध्ये एक जरी वस्तू घाईत फिरली तरी बघणाऱ्याची नजर तिकडेच जाते आणि बाकी सगळं खेळण्यासारखं दिसायला लागतं. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये ज्यांनी तो शहराचा लेआउट बघितलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय, तिथे लहान मुलं गाड्यांइतकीच बाकीच्या हलणाऱ्या गोष्टींकडे बोटं दाखवत असतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मोटरला हातच लावला नाही, फक्त वही आणि कॅल्क्युलेटर. वेग किती ठेवायचा हे आधी ठरलं की मोटर आपोआप ठरते, उलटं केलं की हातात असलेल्या मोटरच्या वेगाला आपण नाइलाजाने हो म्हणतो.

गाडीचं सोपं आहे. खरी गाडी ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला साधारण ६.९ मीटर, भागिले ८७, म्हणजे सेकंदाला ८ सेंमी. फिरणाऱ्या वस्तूंचं त्याहून सोपं, कारण आपण अंतर ८७ पट लहान करतोय पण सेकंद तोच ठेवतोय, म्हणजे फेरीला लागणारा वेळ बदलायचाच नाही. खऱ्या पाळण्याला एका फेरीला १५ सेकंद लागत असतील तर मॉडेललाही १५ सेकंद, म्हणजे ४ आरपीएम (मिनिटाला ४ फेऱ्या). बैलांचंही तसंच. सोलापूर रोडवर एका रसवंतीला अजून बैलाचा चरक आहे, तिथे रस पीत उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता, फेरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास. म्हणजे २ आरपीएम. घुंगरांचा आवाज पण त्यात मस्त आलाय, तो पुढे कधीतरी वापरेन.

खरी पंचाईत लोंबकळणाऱ्या आणि पडणाऱ्या वस्तूंची आहे. गुरुत्वाकर्षण काही ८७ पट कमी होत नाही. खऱ्या पाळण्यातली बसायची पेटी समजा १.८ मीटर खाली लोंबतेय, तिचा एक झोका पावणेतीन सेकंदांचा. माझी पेटी २ सेंमी लोंबणार, तिचा झोका पाव सेकंदाच्या थोडा वर. म्हणजे पाळणा कितीही संथ फिरवा, पेट्या मात्र भीतीने कापल्यासारख्या थरथरणार. तेच सिग्नलच्या हाताचं, खरा हात वजनाने परत जागेवर येतो, थोडा उसळतो, मग थांबतो. मॉडेलमध्ये तो वजनावर सोडला तर टक्कन बसेल, डोळ्याला दिसणार पण नाही. म्हणून या सगळ्या कामात माझा नियम एकच, मॉडेलमध्ये कुठलीही वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर सोडायची नाही, जे काही पडताना, झुलताना, उसळताना दिसायला हवं ते मोटरने मुद्दाम घडवायचं आणि जे आपोआप झुलतंय ते घर्षणाने दाबायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

बुधवार पेठ. तापकीर गल्लीत रविवारी बरीच दुकानं बंद असतात पण ओळखीचं एक उघडं मिळालं. घेतलेलं सामान: २८बीवायजे-४८ स्टेपर (पावला-पावलाने फिरणाऱ्या मोटरी) आणि त्यांना वीज देणारे यूएलएन२००३ ड्रायव्हर, एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटरी), एक आरडुइनो नॅनो (सगळं चालवणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), हॉल सेन्सर (मॅग्नेट ओळखणारा), टीसीआरटी५००० चे आयआर सेन्सर (वरून गाडी गेलेली ओळखणारे), ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. तिथून जुन्या बाजारात जाऊन बिघडलेल्या ट्रान्झिस्टरच्या दोन अँटेना आणल्या. ही युक्ती लक्षात ठेवा, टेलिस्कोपिक अँटेना म्हणजे एकात एक अचूक बसणाऱ्या पितळी नळ्या, वरून फक्त मुलामा. शाफ्टच्या बुशिंगला (फिरती दांडी ज्यात बसते ती नळी) यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही नाही. शाफ्ट म्हणून सायकलचा स्पोक, तो २ मिमीचा असतो, सरळ असतो आणि गंजत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोटरी टेबलावर मांडून एकेक चालवून बघितल्या. मत लिहून ठेवतो कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

कूलरची स्विंग मोटर. २३० व्होल्टची सिंक्रोनस, ५-६ आरपीएम, आवाज जवळपास नाही, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, वेग एकदम पक्का. पण दोन गोष्टींमुळे बाद. एक म्हणजे लेआउटखाली २३० व्होल्ट नेणं मला मान्य नाही, तिथे मी स्वतः डोकं घालून सोल्डर करतो आणि घरातली पोरं पण खाली शिरतात. दुसरं, ही मोटर सुरू होताना कुठल्या बाजूला फिरेल ते तिचं तीच ठरवते. पाळण्याला चालेल, पण बैल मागे चालायला लागले तर काय करणार. मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मोटर, तीच जात, तीच अडचण.

एन२० गिअर मोटर. छोटी, ताकदवान, ६ व्होल्टला १५ आरपीएमची मिळते. तिला ४ वर आणायला पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी करणं) करावं लागतं आणि मग ती बारीक किणकिणते, शिवाय अगदी कमी वेगाला तिची चाल एकसारखी राहत नाही, भार वाढला की मंदावते आणि हलका झाला की पळते. सतत एकाच वेगाने फिरायच्या वस्तूला ठीक. मला थांबत थांबत चालणाऱ्या वस्तू हव्यात.

घड्याळाची क्वार्ट्झ मशीन. अगदी हलक्या वस्तूला ठीक, बैलांची जोडी ओढायची ताकद तिच्यात नाही.

२८बीवायजे-४८. एसीच्या झडपा हलवायला वापरतात तीच स्टेपर, ५ व्होल्ट, आत प्लास्टिकचे गिअर. हिला वेग कितीही कमी करता येतो, मिनिटाला अर्धी फेरी म्हटलं तरी तक्रार नाही. २ आरपीएमला हाफ स्टेपमध्ये (अर्ध्या-अर्ध्या पावलांनी) सेकंदाला साधारण १३६ पावलं पडतात, हाताला लागत नाहीत इतकी बारीक. तोटे दोन, गिअरमध्ये ढिलाई बरीच आहे, आणि थांबल्यावर कॉइलमध्ये करंट चालूच राहिला तर मोटर गरम होते. दुसऱ्याचा उपाय सोपा, थांबली की चारही पिन बंद करायच्या, गिअरमुळे ती जागची हलत नाही. पहिल्याचा उपाय पाळण्याच्या वेळी बघू.

टॉरटॉइज नावाचं रुळांचे सांधे बदलायचं परदेशी यंत्र पण हळू चालतं, १२ व्होल्टवर दोन-तीन सेकंद घेतं आणि सिग्नलला छान बसतं, पण इथे मागवायचं म्हणजे एकाच्या पैशात मूठभर सर्व्हो येतात.

तर ठरलं, गोल फिरणाऱ्या दोन्हींना स्टेपर आणि हात हलवणाऱ्या दोन्हींना सर्व्हो.

२३ नोव्हेंबर, रविवार

गुऱ्हाळ. माझा सगळ्यात जीव अडकलेला भाग, कारण लहानपणी आजोळी हे बघितलंय आणि आता ते जवळपास नाहीसं झालंय. मधे उभा लोखंडी चरक, त्याच्या डोक्यावरून आडवं लांब लाकूड, लाकडाच्या टोकाला बैलजोडी. आत चरकाजवळ बसलेला माणूस ऊस घालतोय, लाकूड डोक्यावरून जाताना तो किंचित वाकतो. बाजूला चुलवण, वर काहील, गुळव्या उभा, चिपाडं वाळत पसरलेली.

फिरण्याची त्रिज्या ३.५ मीटर धरली, मॉडेलला ४० मिमी. बोर्डच्या प्लायवूडला भोक पाडून अँटेनाची नळी एपॉक्सीने बसवली, त्यातून स्पोक वर काढला, खाली मोटर. मोटरचा शाफ्ट ५ मिमी, स्पोक २ मिमी, मधल्या जोडणीसाठी इलेक्ट्रिकच्या कनेक्टर पट्टीतला मोठा पितळी तुकडा काढून घेतला, एका बाजूला स्क्रूने मोटर धरली आणि दुसऱ्या बाजूला मत्स्यालयाच्या हवेच्या नळीचा सिलिकॉन तुकडा घालून त्यात स्पोक. सिलिकॉनमुळे शाफ्ट थोडा तिरका असला तरी चालतो आणि मोटरची थरथर वर जात नाही. मोटर प्लायवूडला थेट स्क्रूने आवळायची नाही कधीच. १२ मिमी प्लायवूड म्हणजे ढोलाचं कातडं, बारीकशी गुणगुण पण खोलीभर ऐकू येते. जुन्या चपलेच्या रबरी तळव्याचे तुकडे कापून मोटर त्यावर बसवली, आता रात्री पंखा बंद केला तरच ऐकू येतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बैल फिरायला लागले पण पाय हलत नाहीत, त्यामुळे बर्फावरून घसरत गेल्यासारखे दिसतात. एवढ्या लहान बैलांचे पाय हलवणं माझ्या हातातलं काम नाही आणि गरजही नाही असं मला वाटतं. नजर पायांपेक्षा पाठीकडे बघते. चालणाऱ्या बैलाची पाठ आणि वशिंड वरखाली होतं, तेवढं दाखवलं की पुरे.

म्हणून जोडी लाकडाला पक्की न चिकटवता जू जिथे बांधलंय तिथे पितळी पिनेची बिजागरी केली आणि पोटाखालून एक बारीक तार जमिनीला टेकवली. जमीन जी आहे, फिरण्याची ती गोल वाट, ती फेविकॉल आणि चाळलेल्या मातीची आहे, ओली असतानाच सुरीच्या पाठीने तिच्यात आडवे हलके दाब दिले. पावलाचं अंतर खऱ्यात ६० सेंमी धरलं तर मॉडेलला ७ मिमी, वाटेचा घेर २५१ मिमी, म्हणजे एका फेरीत ३६ उंचवटे. उंची अगदी किरकोळ, कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी. वाळल्यावर वर खऱ्या उसाच्या चोयट्याचा चुरा पसरला, त्यात खूर बुडतात आणि उंचवटेही दिसत नाहीत.

चालू केलं आणि खरंच बैल चालायला लागले. पुतणी बाजूला होती, ती बघून म्हणाली, "काका, हे दमत नाहीत का?" बरोबर आहे तिचं. खऱ्या गुऱ्हाळावर जोडी सलग फिरत नाही, घाणा रिकामा झाला की थांबते, हाकणारा उतरतो, बैल उभे राहतात. प्रोग्रॅममध्ये घातलं, चार ते नऊ फेऱ्यांमध्ये कुठेही थांबायचं, थांबा अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत, दोन्ही आकडे दर वेळी वेगळे, नॅनोच्या मोकळ्या अ‍ॅनलॉग पिनेवरचा गोंगाट वाचून निवडलेले. सुरू होताना पहिली अर्धी फेरी हळू. आता ते इतकं जिवंत वाटतं की थांबलेले असतानाच जास्त वेळ बघावंसं वाटतं, परत कधी निघतात याची वाट बघत.

स्टेपर चालवताना एक गोष्ट माहीत असू द्या, अ‍ॅक्सेलस्टेपर लायब्ररीला (स्टेपर चालवायचा तयार प्रोग्रॅम) या मोटरच्या पिना १-३-२-४ अशा क्रमाने सांगायच्या असतात, ड्रायव्हरवर छापलेल्या १-२-३-४ क्रमाने सांगितल्या तर मोटर जागेवर थरथरते आणि माणूस मोटर खराब समजून परत करायला जातो.

७ डिसेंबर, रविवार

आकाशपाळण्याचा सांगाडा. व्यास १४ सेंमी, खऱ्यात १२ मीटरच्या जरा वर, पेट्या १२. दोन्ही बाजूंची चक्रं दीड मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये लेझर कटिंगवाल्याकडून कापून आणली. पेट्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाड कागदाच्या, वर रंग, आत बसलेली माणसं. प्रत्येक पेटीच्या तळाला छऱ्याच्या बंदुकीचा एकेक शिशाचा छर्रा चिकटवला, नाहीतर इतकी हलकी पेटी पिनेवर अडकून चक्राबरोबर उलटी होते.

आता त्या थरथरण्याचं. पिनेच्या दोन्ही टोकांना घट्ट सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावला. छऱ्यामुळे पेटी सरळ राहते, ग्रीसमुळे झोका एका हेलकाव्यात मरतो. जास्त लावलं तर पेटी तिरकी अडकते, म्हणून सुईच्या टोकाने, बघत बघत लावायचं. आणि मूळ म्हणजे झटकाच द्यायचा नाही, पाळणा सुरू होताना पूर्ण वेगाला यायला ४ सेकंद आणि थांबायलाही तेवढेच.

१४ डिसेंबर, रविवार

आज अख्खा दिवस पाळण्याच्या तोलावर. हे नीट लिहितो कारण उभ्या चक्राचं हे दुखणं सगळीकडे असतं, पवनचक्की असो, पाणचक्की असो की रहाटगाडगं असो.

चक्राची एक बाजू किंचित जड असते. जड बाजू वर चढत असताना मोटर तिला ढकलते, गिअरचे दाते एका बाजूने टेकलेले असतात. ती बाजू माथ्यावरून पुढे गेली की स्वतःच्या वजनाने खाली यायला लागते, मोटरच्या पुढे पळते, आणि गिअरमधली जेवढी ढिलाई असेल तेवढी एकदम धपकन खाली येते, दाते दुसऱ्या बाजूने टेकतात. बघणाऱ्याला दिसतं की पाळणा दर फेरीला एका ठरावीक जागी अडखळतो. मोटर बदलून हे जात नाही. दोन गोष्टी कराव्या लागतात. आधी मोटर सोडवून चक्र मोकळं फिरवायचं, कुठलीही एकच जागा सतत खाली येऊन थांबत असेल तर समोरच्या बाजूला सोल्डरचा छोटा तुकडा चिकटवायचा, चक्र कुठल्याही जागी थांबायला तयार होईपर्यंत. आणि मग शाफ्टवर मुद्दाम थोडं घर्षण ठेवायचं. मी शाफ्टभोवती फेल्टची पट्टी गुंडाळून ती हलक्या स्प्रिंगने दाबलीय, त्यामुळे मोटरला कायम थोडं ओढावं लागतं, दाते नेहमी एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि ढिलाई असूनही नसल्यासारखी होते. सगळे जण घर्षण कमी करायच्या मागे असतात, पण हळू चालणाऱ्या उभ्या चक्राला थोडं घर्षण हवंच, माझा यावर आता पूर्ण विश्वास बसलाय.

२१ डिसेंबर, रविवार

पाळणा खऱ्यासारखा वागायला हवा. आधी एकेक पेटी खाली येऊन थांबते, माणसं चढतात, पुढची पेटी येते, असं १२ वेळा, मग सलग फेऱ्या, मग परत एकेक करून उतरवणं. म्हणजे दर ३० अंशांवर बरोबर थांबलं पाहिजे.

इथे या मोटरची एक खोच आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं गिअर १:६४, हाफ स्टेपमध्ये एका फेरीला ४०९६ पावलं. पण आतल्या गिअरचे दाते मोजून गुणाकार केला तर ६३.६८ येतो, म्हणजे एका फेरीला ४०७६ च्या आसपास पावलं. फरक २० पावलांचा, फेरीला १.८ अंश. क्षुल्लक वाटतो पण साधारण १७ फेऱ्यांत एक अख्खी पेटी पुढे सरकते, आणि जत्रेत पाळणा दिवसभर फिरतो. आकडा सुधारून घातला तरी तो पूर्णांक नाही, त्यामुळे कधी ना कधी फरक साठतोच. उपाय, चक्राच्या मागच्या बाजूला एक छोटं निओडिमियम मॅग्नेट आणि खांबाच्या आत हॉल सेन्सर, दर फेरीला मॅग्नेट समोरून गेलं की मोजणी शून्यावर. आता पेटी दर वेळी फळीच्या बरोबर समोर थांबते.

जत्रेत उजेडासाठी चक्रावर एलईडी लावायचा मोह आहे, पण फिरत्या चक्राला वीज द्यायला घासणारे ब्रश लागतील. त्यापेक्षा खांबांवर पिवळे दिवे आणि खाली गॅसबत्त्यांचे ठिपके, त्या काळाला तेच शोभतं.

२८ डिसेंबर, रविवार

सिग्नल. खालच्या बाजूला पडणारा हात, आडवा असला की थांबा, ४५ ते ६० अंश खाली आला की चला. हात १६ मिमीचा, खांब पितळी नळीचा, आतून गिटारची सगळ्यात बारीक तार, खाली सर्व्हो.

सर्व्होचा हळूपणा ही वेगळीच कला आहे. दर २० मिलिसेकंदाला थोडा थोडा पल्स (सर्व्होला कोन सांगणारा विजेचा ठोका) बदलत न्यायचा, पण एसजी९० ला साधारण १० मायक्रोसेकंदांपेक्षा लहान बदल कळतच नाही, तो थांबून राहतो आणि मग एकदम उडी मारतो. म्हणजे हाताला ४५ अंश हलवायला सर्व्हो पण ४५ अंशच हलवला तर चाल तुटक दिसते. म्हणून सर्व्होच्या पात्याचं सगळ्यात आतलं भोक वापरलं आणि सिग्नलच्या हाताची दांडी लांब ठेवली, सर्व्हो ११० अंश फिरतो तेव्हा हात ४५ अंश पडतो. उड्या तेवढ्याच प्रमाणात लहान होतात. तारेला मधे एक वळसा ठेवलाय, सर्व्हो थोडा जास्त गेला तर तो वळसा दबतो आणि हात तुटत नाही.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होते, त्यांना दाखवायला बोलावलं. चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, असा नाही पडत सिग्नल. लिव्हर ओढला की आधी तारेचा ढिलेपणा जातो, हात नुसता हलतो, मग दुसऱ्या ओढीत खाली येतो. आणि परत टाकताना बघ, वजनाने वर जातो आणि आपटून थोडा झुलतो." मी म्हटलं, "काका, तुम्ही हातानेच दाखवा," तर त्यांनी हवेत लिव्हर ओढून दाखवला, खांदा पण झुकवला. तेच प्रोग्रॅममध्ये घातलं. पाडताना पहिले ५ अंश आणि पाव सेकंद थांबा, मग उरलेला प्रवास सव्वा सेकंदात, शेवटी बारीक हेलकावा. परत येताना वेगात वर, मग ६ अंश खाली, ३ वर, स्थिर. काका परत बघून म्हणाले, "आता पडला सिग्नल." आणि चहा घेतला.

दिव्यासाठी मागे एकच पिवळसर एलईडी आणि पुढे रंगीत काचा. रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीवर हिरवा दिसावा म्हणून खऱ्या काचा निळसर असायच्या, मी पण निळसर हिरवा पारदर्शक रंग वापरला, त्या पिवळसर एलईडीसमोर तो अगदी बरोबर हिरवा दिसतो.

४ जानेवारी २०२६, रविवार

फाटक. दोन दांडे, प्रत्येकी ६० मिमी, मधोमध लाल तबकडी, मागे वजन. एकेक सर्व्हो, त्याच पद्धतीने, सर्व्हो जास्त फिरतो आणि दांडा कमी. दोन्ही दांडे एकदम हलवत नाही, गेटमन चाक फिरवतो तेव्हा एक जरा पुढे असतो, दुसरा अर्ध्या सेकंदाने मागून येतो.

हळूपणाची किंमत इथे कळते. फाटक बंद व्हायला १२ सेकंद घेतले तर ८ सेंमी वेगाने येणारी गाडी तेवढ्यात ९६ सेंमी पुढे येते. त्यानंतर सिग्नल पडायचा, ड्रायव्हरला दिसायचा, म्हणजे सेन्सर फाटकाच्या किमान सव्वा मीटर आधी हवा, आणि माझा अख्खा लेआउट २४४ सेंमीचा. बरेच जण इथे फाटकाचा वेग वाढवतात. मला ते करायचं नव्हतं, त्यामुळे आयआर सेन्सर मागच्या लपलेल्या रुळांवर नेला, डोंगराच्या पलीकडे, गाडी दिसायच्या आधीच फाटक खाली यायला लागतं. बघणाऱ्याला आधी बैलगाडी थांबलेली दिसते, मग फाटक बंद होतं, मग सिग्नल पडतो, आणि मग गाडी येते. खऱ्या गावात पण हाच क्रम होता, गाडी यायच्या बऱ्याच आधी फाटक लागायचं आणि माणसं उतरून गप्पा मारत बसायची.

क्रम प्रोग्रॅममध्ये पक्का बांधलाय, फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय सिग्नल पडतच नाही, आणि सिग्नल आडवा होऊन गाडी पुढच्या सेन्सरवरून गेल्याशिवाय फाटक उघडत नाही. खऱ्या रेल्वेत हे इंटरलॉकिंग लोखंडी पट्ट्यांनी आणि चाव्यांनी करतात, माझ्याकडे चार ओळींत होतं.

११ जानेवारी, रविवार

सगळं एका नॅनोवर. दोन स्टेपरच्या ८ पिना, सर्व्होच्या ३, हॉल १, आयआर २, बटण १, सर्व्होंची वीज सोडणारा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) १, एकूण १६, नॅनोवर डिजिटल म्हणून वापरता येणाऱ्या १८ आहेत (० आणि १ सोडून). प्रोग्रॅममध्ये डिले (सगळं थांबवून ठेवणारी आज्ञा) कुठेही नाही, सगळं मिलिसवर (चालू वेळ बघून), नाहीतर फाटक हलताना बैल थिजतात.

विजेबद्दल. सर्व्होंना नॅनोच्या ५ व्होल्ट पिनेवरून पुरवठा द्यायचा नाही, अडकलेला एसजी९० पाऊण अँपिअरच्या जवळ ओढू शकतो आणि नॅनो रीसेट होतो. वेगळा ५ व्होल्ट अ‍ॅडॅप्टर, सर्व्होंजवळ १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र. चालू करताना सर्व्हो एक झटका देतात, त्यात सिग्नलची बारीक तार वाकू शकते, म्हणून सर्व्होंचा पुरवठा मॉसफेटमधून दिलाय, नॅनो आधी पल्स सुरू करतो आणि मग अर्ध्या सेकंदाने वीज सोडतो. हालचाल संपली की सर्व्हो डिटॅच (पल्स बंद), त्यामुळे ती कायमची घुंघुं पण बंद.

तेल फक्त पितळी नळ्यांना, शिलाई मशीनचं, एक थेंब. मोटरच्या प्लास्टिक गिअरना काही लावलेलं नाही, कंपनीचं ग्रीस असतं तेवढं पुरतं. फेल्टच्या पट्टीवर तेल जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पाळणा परत अडखळायला लागेल.

१८ जानेवारी, रविवार

दुपारभर सगळं एकत्र चालवलं. पाळणा, बैल, फाटक, सिग्नल, आणि दर काही मिनिटांनी एक गाडी. एकाच वेळी चारही गोष्टी क्वचितच हलतात आणि ते मला फार आवडलं, बहुतेक वेळ गावात एखादीच गोष्ट हलत असते, नजर तिच्यावर जाते, ती थांबते आणि दुसरीकडे काहीतरी सुरू होतं. पाळण्याच्या चढ-उतारीचा थांबा ३ सेकंदांवरून ६ केला, माणसं चढायला तेवढा वेळ लागतोच. बैलांच्या बिजागरीची पिन थोडी ढिली झालीय, ती जरा जाड तारेची करायची. डाव्या फाटकाचा सर्व्हो शेवटच्या १० अंशांत किंचित थरथरतो, तिथे धातूच्या गिअरचा एमजी९०एस बसवून बघतो. त्यानंतर स्टेशनच्या टोकाचा इंजिनात पाणी भरायचा नळ, त्याची सोंड ९० अंश फिरवायचीय आणि गाडी थांबलेली असतानाच फिरवायचीय, त्यासाठी फलाटासमोर आणखी एक आयआर सेन्सर लागेल आणि नॅनोवर दोन पिना शिल्लक आहेत, एक सेन्सरला आणि एक सोंडेच्या सर्व्होला, बरोबर बसतं.